मधल्या सांध्याचं भोक

साळशिंगव्याच्या लोखंडी साकवावर सरकारने बोलका फलक बसवला, त्याच आठवड्यात गावातल्या निम्म्या बायकांनी रात्रीचा भात सोडला आणि एकीने नवऱ्याशी बोलणं सोडलं. फलक बसवणारी हेमांगी धुरी गावचीच मुलगी. त्यामुळे शिव्या घालायला कोणाला लांब जावं लागलं नाही.

साकव तसा जुना. नदीच्या अल्याड साळशिंगवे, पल्याड पावणाईवाडी, आणि मधे हा सांगाडा. पट्टीवर पट्टी ठेवून, भोकं पाडून, बोल्ट पिळून उभा केलेला. बाकी गाव बदललं होतं. एसटी विजेवर धावू लागली होती, काजूच्या बागांवर उडती यंत्रं फवारणी करत होती, रेशनच्या दुकानात चेहरा दाखवला की तांदूळ मिळत होते. साकव मात्र होता तसाच राहिला. नव्या पुलाचं भूमिपूजन दर निवडणुकीला व्हायचं, आणि एवढी पूजा झालेली भूमी खणायला पुढे कोणाचं मन धजत नसे.

मग दूर कुठेतरी असाच एक पूल भर बाजाराच्या दिवशी कोसळला आणि सरकारची झोप उडाली. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डॉ. निरंजन बोकील नावाच्या गृहस्थांनी एक चकती तयार केली होती. बोल्टच्या डोक्याखाली साधी चकती घालतात, तिच्याच जागी ही बसायची. दिसायला क्षुल्लक, पण कानाने भलतीच तिखट. लोखंडातला केसाहून बारीक तडा कणभर पुढे सरकला तरी आवाज होतो. माणसाला तो ऐकू येत नाही, या चकतीला येतो. भोकाभोकातल्या चकत्या ऐकलेलं सगळं फलकाला कळवायच्या, आणि फलक हिशेब करून पूल अजून किती टिकेल ते सांगायचा. तालुक्यातल्या अशा सगळ्या पुलांची जबाबदारी बांधकाम खात्याने आपल्या कनिष्ठ अभियंता हेमांगी धुरी यांच्यावर टाकली. आकडा शून्यावर आला की आपोआप बंद होणारं फाटक प्रत्येक पुलाला बसवलं, आणि त्याची किल्लीही तिच्याच गळ्यात.

हेमांगीने गावाला रवळनाथाच्या देवळात बोलावून सगळं समजावून सांगितलं. तिला समजावून सांगायची हौस फार.

"पूल वजनान मरणा नाय, बुराकान मरता," बोल्टच्या भोकाचं चित्र दाखवत ती म्हणाली. "नदीत खांब रोवलो तर पाणी काय करता? दोनय बाजून गर्दी करून पुढे जाता. लोखंडातून जोर तसोच जाता. बुराक इला की तेच्या कडेक जोराची गर्दी होता, तिप्पट. थंयच तडो सुरू होता. माणूस साकवावर चढलो आणि उतारलो, की तडो इल्लोसो पुढे. लाखवेळा चढला-उतारला की एक दिवस पट्टी तुटता."

इथवर ठीक होतं. पण हौस तिला गप्प बसू देईना.

"आणि ह्या गणित सरळ नाय हां. दुप्पट वजनाचो माणूस दुप्पट झीज करणा नाय. आठपट, धापट करता!"

प्रत्येकजण शेजाऱ्याच्या पोटाकडे बघू लागला.

त्यात खात्यातल्या कोणा हुशार माणसाने लोकजागृती म्हणून फलकाला वाचा दिली होती. साकव ओलांडणाऱ्याचा चेहरा ओळखून फलकातली बाई शुद्ध, गोड आवाजात नावासकट हिशेब सांगायची. पहिली सापडली मासे विकणारी रुक्मीण तारी. "नमस्कार, रुक्मीण तारी. आपण आज पुलाचं आयुष्य सात मिनिटांनी कमी केलंत. धन्यवाद."

"मी?" रुक्मीणने पाटी खाली आपटली. "आणि ह्ये बांगडे काय चलत इले?"

दुसऱ्या दिवसापासून ती रिकाम्या हाताने साकव ओलांडू लागली आणि पाटी गिऱ्हाइकांनी आणावी असं म्हणू लागली. गावातले जावई सासुरवाडीला जायचे ते वळसा घालून. ज्या बाईने नवऱ्याशी अबोला धरला, तिचा आकडा त्या नवऱ्याने चहाच्या टपरीवर मोठ्याने वाचून दाखवला होता. आणि सगळ्यात मोठा घाव बसला गावचे मुख्य मानकरी तात्या गावकर यांना. तात्या काठीसारखे वाळके. फलकातल्या बाईने त्यांना चारचौघांत सांगितलं, "नमस्कार, तात्या गावकर. आपला प्रभाव नगण्य आहे." तात्या त्या दिवशी जेवले नाहीत, आणि त्यामुळे आणखीच नगण्य झाले.

हेमांगीच्या वडिलांनी, बाबल धुरींनी, फलकाकडे मान वर करून पाहिलंही नाही. ते डोक्यावरून टॉवेल घेऊन साकव ओलांडायचे. बाई म्हणायची, "क्षमस्व, ओळख पटली नाही. झीज: लाल." अख्ख्या गावाची ओळख पटायची. तेवढ्या आकाराचं माणूस साळशिंगव्यात दुसरं नव्हतं.

बाबल धुरी गावात कशासाठी प्रसिद्ध होते ते सांगायला हवं. शिमग्यात रवळनाथाची पालखी नदीपलीकडे बहिणीला, पावणाईला, भेटायला जाते. साकवाच्या मधोमध आलं की पावणाईच्या देवळाचा कळस दिसतो, आणि बहिणीचं घर दिसलं की भाऊ आनंदाने नाचतो. म्हणजे पालखी नाचते. साकव होण्याआधी ती होडीत नाचवायचे म्हणतात, आणि एकदा होडी उलटली म्हणूनच साकव झाला असंही म्हणतात. पालखीच्या पुढच्या दांड्याचा मान धुरी घराण्याचा. बाबल धुरी त्या दांड्याखाली जन्मभर नाचत आले होते. एरवी ओटीवरून उठताना 'अगो आये गो' म्हणणारा माणूस, पण पालखी खांद्यावर आली की जमिनीला पाय लागत नसत. पुढचा खांदा नाचला की मागचे आपोआप नाचतात. पुढच्या वर्षी मान पुतण्याकडे द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणजे यंदाचं नाचणं शेवटचं.

आणि यंदाच मधल्या सांध्याचं ते भोक बोलायला लागलं.

बाकीची भोकं मधूनमधून कुरकुरत. हे एक, खालच्या पट्टीतलं, गप्पच बसेना. तडा चांगलाच वाढला होता. यावर उपाय नव्हता असं नाही. बोल्ट काढून भोकातून भोकाहून किंचित जाड असा गुळगुळीत पोलादी दांडा जोर लावून ओढायचा. भोकाच्या कडेचं लोखंड ताणून मोठं होतं, आजूबाजूचं लोखंड त्याला आवळून धरतं, आणि तडा उघडायला मागत नाही. विमानांच्या भोकांना हा उपचार फार वर्षांपासून करतात. पण पुलांसाठी ते यंत्र साऱ्या राज्यात एकच, आणि साळशिंगव्याची पाळी पाडव्यानंतर. तोवर माणसांनी एकेक करून जायला हरकत नव्हती. हेमांगीने फलकाला विचारलं, पालखी नाचवली तर? फलकाने क्षणभर विचार केला आणि सांगितलं: "शिल्लक आयुष्य शून्य."

ही गोष्ट तिने जेवताना घरात काढली. चूकच झाली. पानात कुर्ल्या होत्या.

"यंदा पालखी साकवावरून नाचवची नाय, बाबा. चलत न्हेवची."

बाबल धुरींनी कुर्लीची नांगी खाली ठेवली. "देव चलत जाणा नाय. देव नाचत जाता."

"मग साकव खाली जातलो. आणि मधोमध तुम्हीच असतलास!"

"असान दी."

त्यानंतर त्यांनी मुलीशी बोलणं बंद केलं. घरात माणसं तीन, त्यामुळे सगळा कारभार आईमार्फत चाले. "तिका सांग, मीठ दी म्हणान." आई म्हणायची, "हेमा, मीठ दी गो." हेमांगी मीठ द्यायची. "तिका सांग, जास्त झाला." महिनाभर आईला धड जेवता आलं नाही.

शेवटी देवळात बैठक बसली आणि हेमांगीने तोडगा मांडला. तिने रात्रंदिवस खपून हिशेब केला होता. पालखीखाली मोजकी, हलकी माणसं असली आणि बाकीचा गाव मागून एकेक करून आला, तर मधोमध थोडंसं, अगदी बेताने नाचता येईल. गावाला हे पटलं. रेशनच्या दुकानातला काटा देवळासमोर आणून ठेवला आणि खांदेकऱ्यांची वजनं झाली. तात्या गावकर काट्यावर असे चढले की सत्कारच आहे. त्यांना पुढचा दांडा मिळाला. नगण्य माणसाचे दिवस फिरले.

बाबल धुरी सगळ्यात शेवटी चढले. महिनाभर त्यांनी मासे सोडले होते, भात सोडला होता, आणि नवस आहे असं बायकोला खोटंच सांगितलं होतं. हेमांगीला हे सगळं माहीत होतं. काटा सरकत सरकत हेमांगीने मारलेल्या लाल खुणेपलीकडे गेला आणि तिथेच थांबला. कोणी हसलं नाही. ते उतरले, चपला पायात सरकवल्या आणि तात्यांना म्हणाले, "तिका सांगा, काट्यात काय चूक नाय."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तरी हेमांगीला चाललं असतं. ती देवळामागे जाऊन रडली, आणि मग डोळे पुसून पुन्हा हिशेबाला बसली.

हिशेबात एकच रकाना रिकामा होता. पालखीचं वजन. तो विषय तिने काढला तेव्हा तात्यांनी कानांवर हात ठेवले. "देवाक काट्यार घालतलंस? चेडवा, जिभेक काय हाड?" साऱ्या गावाने मनातल्या मनात माफी मागितली. आता हेमांगी अभियंता असली तरी साळशिंगव्यातच वाढलेली. तिनेही पटकन हात जोडले आणि सुताराला विचारून रिकाम्या पालखीचा अंदाज लिहून टाकला. खांदेकरी तोलले, ढोल तोलले, अब्दागिरी तोलली. देवाला तेवढं कोणी तोललं नाही.

आणि साकव यंदा जाणार ही बातमी एव्हाना मुंबईपर्यंत पोचली होती. चाकरमानी झुंडीने आले. पुढच्या वर्षी देव बहिणीला भेटेल न भेटेल, म्हणून ज्याने त्याने नवस यंदाच फेडून घेतले. नारळांच्या माळा, साड्या, पितळी समया, चांदीचा मुकुट, घंटा, आणि एका भक्ताने तर नोकरी लागली म्हणून पालखीला कासवच वाहिलं होतं, पंचधातूचं. पालखी देवळातून निघाली तेव्हा नव्या नवरीसारखी मढलेली होती.

साकवाच्या तोंडाशी फाटकापाशी हेमांगी उभी. तिच्या शेजारी बाबल धुरी, नवं धोतर नेसून, फेटा बांधून, हाताला काही काम नाही. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा रवळनाथा, महाराजा!"

"व्हय महाराजा!" गाव ओरडला.

"आज तुझ्या साकवाच्या मधल्या बुराकात जो काय तडो पडलो असा, तो तुझ्या हातान दाबून धर, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आणि फलकात बसान जी बाई लोकांची वजनां सांगता, तिची वाचा बंद कर, महाराजा!"

यावर जो "व्हय महाराजा" झाला, त्याने नदीतले बगळे उडाले.

फाटक उघडलं. हलके खांदेकरी पालखी घेऊन साकवावर चढले. फलकातली बाई म्हणाली, "नमस्कार. कृपया एकेकाने," आणि पुढे काही बोलायच्या आत हेमांगीने तिचा आवाज बंद केला. आकडे तेवढे दिसत राहिले. पालखी निम्म्यात पोचली आणि तिथे गडबड झाली. वाळक्या खांद्यांना ते ओझं पेलेना. तात्यांचे गुडघे लटपटू लागले, पुढचा दांडा एका बाजूला कलला, नारळ गडगडत साकवावर आले. मागे फाटकाशी अडवलेल्या गर्दीतून हाय खाल्ल्यासारखा आवाज निघाला.

बाबल धुरींनी मुलीकडे पाहिलं. महिन्याभरात पहिल्यांदाच.

"जाव काय गो?"

जन्मात या माणसाने कोणाला विचारून काही केलं नव्हतं. हेमांगीच्या डोक्यात दोन हिशेब एकदम धावले. एक बापाच्या वजनाचा. दुसरा पालखी पडली तर बसणाऱ्या दणक्याचा, आणि दणका हा वजनाहून कितीतरी वाईट. हे झालं अभियंत्याचं. मुलीचं उत्तर त्याआधीच तयार होतं.

"जावा, बाबा. पण नाचू नकात!"

बाबल धुरी गेले. तात्यांच्या पुढे शिरून त्यांनी दांडा खांद्यावर घेतला आणि पालखी एका झटक्यात सरळ झाली. गाव ओरडला. ते खरोखरच नाचले नाहीत. दोन-तीन पावलं अगदी शहाण्यासारखी टाकली. मग पलीकडून पावणाईच्या लोकांनी ओटीचं ताट उंच धरलं, कळस उन्हात चमकला, ढोलाने चाल बदलली, आणि बाबल धुरींचे पाय त्यांचे राहिले नाहीत.

पुढचा खांदा नाचला तसे मागचे नाचले. ते बघून फाटकामागचे चाकरमानी हेमांगीला बाजूला सारून साकवावर घुसले. फलकावरचा आकडा उतरणीला लागलेल्या सायकलसारखा खाली सुटला. हेमांगी ओरडत होती, ढोलापुढे तिचं कोण ऐकतो. शून्य. फाटक आपोआप खाडकन बंद झालं, आणि त्याच वेळी साकवाच्या पोटातून आवाज आला: टण्ण!

ढोल थांबले. सगळे होते तिथे, वर गेलेला पाय वरच ठेवून, उभे राहिले. हेमांगीने फाटकाच्या सळ्या धरल्या होत्या. बाप मधोमध, खाली नदी. ती जन्मात एवढी घाबरली नव्हती.

काही पडलं नाही. मग पालखी अगदी हळू, चोरपावलांनी पलीकडे गेली आणि तिच्यामागून सगळी माणसं गेली. साकव रिकामा झाला. फलक बराच वेळ कोराच होता. मग त्यावर अक्षरं उमटली: "क्षमस्व. फेरहिशेब चालू." आणि नंतर आकडा आला. तो सकाळच्या आकड्यापेक्षा मोठा होता. थोडाथोडका नव्हे, चांगला दुपटीहून मोठा.

नदीच्या दोन्ही काठांवर एकच जल्लोष झाला. देवाने तडा दाबून धरला होता, यात कोणालाच शंका नव्हती.

बोकील सरांना शंका होती. "मॅडम, तुमच्या चकत्या बिघडल्या आहेत," ते फोनवर म्हणाले. मग त्यांनी पुण्यात बसून सगळ्या नोंदी पाहिल्या आणि एकदम हसू लागले.

"चकत्या बरोबर आहेत. चूक आमच्या हिशेबात होती," ते म्हणाले. "तड्याच्या टोकाला एकदाच, पण जबरदस्त ताण बसला. तिथलं लोखंड ताणलं गेलं. ताण गेला तरी ते पुन्हा लहान होत नाही. आजूबाजूचं लोखंड मात्र जागेवर परत येतं आणि त्या ताणलेल्या तुकड्याला चहूकडून आवळून टाकतं. तड्याचं तोंड मिटतं. रोजच्या ये-जा करणाऱ्यांच्या वजनाने ते आता उघडतच नाहीये. दांडा ओढून आम्ही जे करणार होतो, त्याचा गावठी भाऊ म्हणा. आमचा हिशेब नुसती झिजेची बेरीज करत होता. मोठा दणका आधी बसला की नंतर, याने फरक पडतो, ते आम्ही धरलंच नव्हतं."

"आणि सर, पालखी अजून थोडी जोरात नाचली असती तर?"

"तर मॅडम, आपण आत्ता वेगळ्या विषयावर बोलत असतो."

हेमांगीने फोन ठेवला.

पण पंचाईत निराळीच होऊन बसली. शून्य दाखवलेल्या पुलाचं फाटक नियमाप्रमाणे बंद राहतं. उघडायचं तर अभियंत्याने आपल्या किल्लीने, आपल्या जबाबदारीवर. वरिष्ठ साहेबांनी फोन उचलणंच बंद केलं. आणि देव पलीकडे. पाडव्याच्या आत तो देवळात परत यायला हवा, आणि गेला त्याच वाटेने यायला हवा. मोठ्या रस्त्याने टेम्पोतून आणायची गोष्ट काढणाऱ्याला तात्यांनी नदीपलीकडूनच असा काही आवाज दिला की तो पुन्हा काठावर दिसला नाही.

तर देव बहिणीकडे राहिला, आणि देवाला सोडून येता येईना म्हणून साळशिंगव्याचे पुरुष पावणाईवाडीत. पहिल्या दिवशी त्यांना वडे-सागोती मिळाली. मग घावणे. मग पेज. मग पावणाईवाडीच्या बायकांनी त्यांच्या हातात कोयते दिले आणि कुंपणाची कामं दाखवली. चाकरमान्यांच्या रजा संपल्या आणि ते वळसा घालून, पाय ओढत मुंबईला गेले. तात्यांचं वजन मात्र वाढलं. बहुधा पेज मानवली.

रोज संध्याकाळी बाबल धुरी पलीकडच्या टोकाला येऊन बसायचे. अलीकडे हेमांगी. मधे नदी आणि साकव. आई घरात निवांत जेवत होती.

"जेवलंस?" ते ओरडायचे.

"जेवलंय. तुम्ही?"

"पेज."

एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, चुकला काय माझा? तुमका जावा म्हटलंय ता?"

ते ओरडले, "तू नाचू नकात म्हटलंस. चुकला ता माझा. आता पालखी कधी येतली, कशी येतली, ता तू सांग. तू सांग, तसा येतव."

दोन्ही काठांवरच्या लोकांनी हे ऐकलं. नदीवरून केलेलं बोलणं काही खाजगी राहत नाही.

दुसऱ्या सकाळपासून हेमांगी कामाला लागली. आधी ती फाटक आपल्यापुरतं उघडून एकटी साकवावरून गेली. मग हातगाडीवर पाण्याचं एक पिंप घेऊन. मग आणखी पिंपं. एकेका फेरीला बोकील सर पुण्यात चकत्यांना कान लावून बसायचे. मधल्या सांध्याचं भोक ब्रदेखील काढत नव्हतं. पालखी आणि खांदेकरी मिळून जेवढं भरेल, त्याहून जास्त पाणी तिने मधोमध उभं करून पाहिलं. शांत.

"चालत आले तर माझ्या मते काही होणार नाही," बोकील सर म्हणाले. "नाचायचं मात्र नाही. एकदा आवळलंय म्हणून पुन्हा आवळेल असं नसतं. त्याहून मोठा दणका बसला तर सरळ तुटेल."

"हे लिहून देता, सर?"

सरांना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही. म्हणजे किल्ली तिची आणि निर्णयही तिचाच.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दोन्ही काठ माणसांनी फुलले. पलीकडे आता वेगळंच वारं होतं. नाचल्याने साकवाचं आयुष्य वाढलं हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तात्या म्हणत होते, परत येतानाही नाचवूया, म्हणजे आकडा आणखी दुप्पट होईल. पुढे दर शनिवारी थोडं थोडं नाचलं तर साकवाला म्हातारपणच येणार नाही. ढोलवाल्यांनी ढोल तापवून घेतले होते. हेमांगीने ओरडून ओरडून समजावलं, पण एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपुढे गणित कोण ऐकतो. पुढचा खांदा नाचला तर मागचे नाचणार, आणि मग तिचं काही चालणार नव्हतं.

तिने किल्ली फिरवली, फाटक उघडलं आणि ती स्वतः चालत मधोमध गेली. सांध्याच्या पट्टीवर जाऊन उभी राहिली. काय व्हायचं ते झालं तर तिलाही होणार, एवढं सगळ्यांना दिसावं म्हणून.

"येवा!" ती ओरडली. "पण चलत!"

पालखी साकवावर चढली. पुढच्या दांड्याखाली बाबल धुरी. ढोलाने नाचाची चाल धरली तशी मागच्या खांदेकऱ्यांची अंगं हलू लागली. बाबल धुरींनी मोकळा हात वर केला. ढोल अडखळले आणि बंद पडले. त्यांनी मागे वळून एवढंच म्हटलं, "इंजिनियरीण काय म्हणाली, ऐकलास मा?"

आणि कोणाच्याही आठवणीत पहिल्यांदाच साळशिंगव्याचा देव चालत निघाला. घंटा तेवढ्या किणकिणत होत्या. फलकाकडे हेमांगीची पाठ होती. ती बापाच्या पायांकडे बघत होती. मोठे, रुंद, भेगाळलेले पाय, एकामागून एक सपाट पडत होते. पालखी तिच्यापासून हातभर अंतरावर आली, मधल्या सांध्याच्या पट्टीवर, आणि बापाचा डावा पाय सवयीने टाचेवरून उचलला गेला, किंचित वळला, ठेका घ्यायला हवेत थांबला.

बाबल धुरींनी मुलीकडे पाहिलं, आणि पाय हळूच खाली ठेवला.